तिसरं बिल

बेळगाव, २० मे २०२३

आक्का,

जय जिनेंद्र. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्याच्यानं ओरडवत नाही, म्हणून आपलं हे आंतरदेशीय पत्र. पोस्टातला माणूस म्हणाला, या वर्षात आंतरदेशीय मागणारे तुम्ही दुसरे. पहिलं कोण ते त्यानं सांगितलं नाही.

काम असं आहे. माझ्या बँकेनं एक योजना काढली आहे. दर महिन्याला निदान तीन बिलं आपल्या खात्यातून आपोआप कापली गेली, की त्या रकमेतला थोडा भाग बँक आपल्याला परत देते. त्याला कॅशबॅक म्हणतात. रांग नाही, तारीख लक्षात ठेवणं नाही. एकदा सांगून ठेवलं की झालं. दिव्यानं मोबाईल घेऊन माझं लाईटचं आणि गॅसचं बिल जोडून दिलं, पण तिसरं बिल मिळेना. घरातली बाकीची बिलं विनयच्या खात्यातून जातात आणि त्याला त्याचा कॅशबॅक पाहिजे. बाप-लेकात बिलांवरून ओढाताण चालली आहे बघ. नात मजा बघते.

तेव्हा मनात आलं, तुझं लाईटचं बिल माझ्या खात्याला तिसरं म्हणून जोडावं. बिलावरचा नंबर तेवढा कळव. उपकार तुझे माझ्यावर होतील, माझे तुझ्यावर नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर तू पत्र चुलीत घालशील.

तू माझ्या घरात पाऊल टाकलंस त्याला अकरा वर्षं झाली. मी भाऊबीजेला निपाणीला येतो, तू ओवाळतेस, पोटभर जेवू घालतेस, आणि मी "चल की घरला" म्हटलं की पाणी आणायला म्हणून आत जातेस. त्याबद्दल आज काही विचारत नाही. फक्त बिलाचा नंबर.

तुझा,
पारीस


निपाणी, १ जून २०२३

पारीस,

तुझं अक्षर अजून तसंच आहे. चाळीस वर्षं शाळेत पोरांची अक्षरं सुधारली, घरातलं एक राहून गेलं.

कॅशबॅक म्हणजे काय ते मी शेजारच्या मालुबाईला समजावून सांगितलं. ती सुपात विड्या वळत बसली होती. म्हणाली, "म्हंजे पैसं घ्यायचं आन् त्यातलंच थोडं परत द्यायचं व्हय? मग आदीच कमी घ्यावं की." याचं उत्तर तुझ्या बँकेला विचारून कळव.

तुझे दाजी गेल्यापासून दर पंधरा तारखेला मी आणि मालुबाई चालत बिलाच्या ऑफिसात जातो. भरून झालं की येताना भडंगाची एक पुडी घेतो आणि दोघी मिळून खातो. मी दिवस मावळायच्या आत खाणार म्हणून ती चार वाजताच निघायला लावते. तुझी बँक आमची ती पुडी बंद करणार.

आपल्या घरात पहिला दिवा आला ते तुला आठवतं का? तू आठ वर्षांचा होतास. आप्पा वखारीतून आले, बटण दाबलं आणि आई पदर सावरून उभी राहिली, जणू कोणी पाहुणाच आला. मग बिल भरायला आपल्या दोघांना पाठवायचे. एकदा तू पैसे मुठीत धरून पळत सुटलास आणि गटारीजवळ पडलास, नाणी गेली. घरी आल्यावर मी सांगितलं की माझ्याच हातून पडली. आप्पांनी रागानं त्या महिन्याचं बिल भरलंच नाही, तार तोडून नेली. दोन महिने कंदिलावर अभ्यास केला आपण. तू रोज काच पुसायचास, न सांगता.

आता मुद्दा. मी तुझ्याकडून पैसे घेणार नाही. का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. अकोळ वाटेच्या रानावरचा माझा हक्क मी सोडला तो भावासाठी सोडला. सही करून पेन खाली ठेवलं आणि तू चार साक्षीदारांसमोर पाकीट पुढं केलंस. साडी दिली असतीस तर घेतली असती. सुती असती तरी चाललं असतं. पाकीट मी टेबलावरच ठेवलं, आणि तुझा उंबरा ओलांडायला पुन्हा पाय उचलला नाही.

तेव्हा अट अशी. बिल तुझ्या खात्यातून जाऊ दे. पण जेवढं कापलं जाईल तेवढं रोख, दर पंधरा तारखेला, तू स्वतः येऊन माझ्या हातून न्यायचंस. विनयला पाठवायचं नाही, मोबाईलवर मागायचं नाही. जमत असेल तर जोड. मागच्या महिन्याचं बिल सोबत घातलं आहे.

आक्का


बेळगाव, ३ सप्टेंबर २०२३

आक्का,

तीन पंधरा तारखा झाल्या. मालुबाईला सांग, बँकेला विचारलं. काउंटरवरची मुलगी हसली आणि म्हणाली, असा प्रश्न पहिल्यांदाच आला. पहिल्या तीन महिन्यांचा मिळून कॅशबॅक सहासष्ट रुपये जमा झाला. त्यातून दिव्याला कुंदा आणला. सहासष्ट रुपयांचा येतो तेवढाच, चमचा बुडेपर्यंत.

तू म्हणालीस, सहासष्ट रुपयांसाठी बसला सहाशे घालवलेस. हिशेब बरोबर आहे. पण मच्छे गावच्या कारखान्यात तीस वर्षं घड्याळ बघून गेलो-आलो, आता महिन्यातून एकदा बसच्या खिडकीत बसायला मिळतं. काकती मागं पडलं की मला वाटतं शाळेला सुटी लागली. तुझ्याकडं येऊन ज्वारीची भाकरी खातो आणि दिवस कलला की परत निघतो. तू मला तेव्हाही वेळेवर घरी धाडायचीस.

गेल्या महिन्यात दोनशे एकाहत्तर कापले होते, ते तू दिलेसच. पुढचं किती होईल ते मी आल्यावर सांगत जाईन. कागदी बिल येत असेल तर ते वाचत बसू नकोस, उगाच डोळ्यांना ताण. आता सगळं बँकच बघते.

पंचमीला तू आली नाहीस. बायकांना सरकारी बस फुकट झाली आहे, आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट देतात. सगळ्यांच्या बहिणी आल्या. दिव्यानं गॅलरीतल्या कडीला झोका बांधला होता. तंबिटाचे लाडू केले, पण तुझ्या हातचे नव्हते.

पारीस


निपाणी, २० डिसेंबर २०२३

पारीस,

कागदी बिल मी वाचत नाही. मीटर बघायला मष्णू येतो, यंत्रातून चिठ्ठी काढून देतो, मी ती तारेत ओवून ठेवते. तुझे दाजी ओवायचे, म्हणून मीही ओवते. तू आकडा सांगतोस तेवढा पुरे. परवा तू दोनशे नव्वद म्हणालास. थंडीत पंखा बंद असून बिल वाढलं. दर वाढले असतील, आपल्याला काय कळतंय.

तुझं जेवण कमी झालं आहे. दोन भाकऱ्यांची एक झाली. विचारलं तर म्हणालास, वय झालं. एकोणसत्तर म्हणजे वय नाही, मी त्र्याहत्तरची आहे.

तू येऊन गेलास की मालुबाई येऊन बसते. आता पंधरा तारखेला आमचं ऑफिसला जाणं नाही, पण तू भडंग आणतोस त्यातलं ती निम्मं नेते. ती फुकट बसनं दर आठवड्याला कुठं कुठं जाऊन येते. मला म्हणते, "बाई, तुम्ही कुटं जाईनासा झालासा. भावाकडं तरी जावा." मी तिला सांगितलं, भाऊच येतो.

येतोस ते बरं वाटतं. हे एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. समोर असलास की मला तुझ्या शर्टाचं बटण नाहीतर केस तेवढे दिसतात आणि तेच बोलून होतं. चौदा तारखेच्या सकाळपासूनच मी डाळ भिजत घालायची की नाही याचा विचार करायला लागते.

माझा गोमटेश बेंगळूरहून दिवाळीला आला होता, दोन दिवस राहिला. तो म्हणाला मामा कशाला एवढी दगदग करतात, मी तुझं बिल इथून भरतो. मी त्याला म्हटलं, तू तुझी बिलं भर.

आक्का


बेळगाव, १८ मार्च २०२४

आक्का,

या पंधरा तारखेला यायला जमलं नाही. पाय जरा मुरगळला आहे. काळजीचं कारण नाही. पैसे राहू देत, पुढच्या वेळी बघू.

पारीस


निपाणी, २० मे २०२४

पारीस,

मार्च गेला, एप्रिल गेला, मे महिन्याची पंधरा तारीखही गेली. मुरगळलेला पाय तीन महिने राहत नाही. मी एप्रिलमध्ये पत्र टाकलं, त्याला दिव्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, आजोबा बरे आहेत म्हणून. दिव्याचं अक्षर चांगलं आहे. पण मी पत्र तुला लिहिलं होतं.

तीन महिन्यांचे पैसे मी डब्यात काढून ठेवले आहेत. आकडा तू सांगितला नाहीस म्हणून मागच्याएवढे ठेवले. तुझी बँकेची योजना संपली असेल तर तसं कळव. माझं बिल तुझ्या खात्यातून काढून टाक, मी आणि मालुबाई पुन्हा चालत जाऊन भरू. येणं जिवावर आलं असेल तर तेही सरळ लिही. मला वाईट वाटेल, पण कळेल तरी.

न येता माझं बिल भरत राहू नकोस. ते दुसरं पाकीट होईल आणि ते मला सोसणार नाही.

आक्का


बेळगाव, ९ जून २०२४

आक्का,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता पाठवतोच.

पहिलं म्हणजे पाय मुरगळला नव्हता. मार्चच्या सुरुवातीला न्हाणीत घसरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. विनयनं दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. आता चौकटीचा वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत जातो. दिव्या पावलं मोजते. डॉक्टर म्हणतात चालाल, पण बसच्या पायऱ्या चढण्याची गोष्ट वर्षभर काढू नका. तुला कळवलं असतं तर तू आली असतीस, नाहीतर आली नसतीस. दोन्हीची मला भीती वाटली.

दुसरं सांगायला जास्त जड जातं. गेल्या ऑगस्टपासून तुझं बिल माझ्या खात्यातून कापलंच गेलेलं नाही. सरकारनं दोनशे युनिटपर्यंत घरची लाईट फुकट केली आणि तू तर पन्नासही जाळत नाहीस. बँकेचा मेसेज येईना म्हणून दिव्याला विचारलं. तिनं मोबाईलवर तुझं बिल उघडून दाखवलं आणि म्हणाली, "आजोबा, आजीचं बिल शून्य हाय. आता तुमी कशाला जाताय?"

पंधरा तारखेला तरीही बसमध्ये बसलो. काकती येईपर्यंत ठरवलं होतं की तुला खरं सांगायचं. संकेश्वर आलं तेव्हा मी आकडा ठरवत होतो. तू दारात उभी होतीस, भाकरीचा वास येत होता, आणि मी दोनशे एकाहत्तर म्हणालो. त्यानंतर प्रत्येक महिन्याला एकेक आकडा सांगत गेलो आणि तू निमूट पैसे मोजून देत गेलीस. सात महिन्यांत तुझ्याकडून एक हजार आठशे ब्याण्णव रुपये मी खोटं बोलून घेतले. त्यातली एक नोटही मोडलेली नाही, पासबुकात घालून ठेवले आहेत.

आता सगळंच सांगतो. तिसरं बिल मला नकोच होतं. पाण्याचं बिल माझ्याच नावावर आहे, दिव्यानं तेच आधी जोडलं होतं. योजना खरी, कॅशबॅक खरा, गरज खोटी. आपलं एक लाईटबिल माझ्या हातून गटारीत गेलं होतं आणि मार तू खाल्लास. वाटलं, एखादं तरी भरावं. तू पैसे परत देण्याची अट घातलीस तेव्हा तो बेतही फसला, पण अटीत "स्वतः ये" असं लिहिलं होतंस. ते मी पाच वेळा वाचलं.

पाकिटाबद्दल मी कधी बोललो नाही. पाकीट द्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. बहिणीचा हिस्सा फुकट घेतला असं लोक म्हणतील, ही माझीच लाज होती. त्या लाजेपायी मी तुला चार माणसांत परकी केलं. चुकलो, आक्का.

हे पैसे कसे परत करू? मनीऑर्डर केली तर तू परत पाठवशील. पाकिटात घालायची हिंमत नाही. तू सांग.

पारीस


बेळगाव, ८ जुलै २०२४

आक्का,

महिना झाला. पोस्टमन आला की दिव्या दाराकडं पळते आणि हात हलवत परत येते. रागावली असशील तर शिव्या देऊन लिही. मुकी राहू नकोस.

पारीस


निपाणी, २२ जुलै २०२४

पारीस,

रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. शून्याबद्दल नव्हे. खुबा मोडला आणि तू मला मुरगळला म्हणून लिहिलंस त्याबद्दल. मालुबाई रोज विचारायची आणि मी रोज तिच्यावर ओरडायचे. शेवटी ती म्हणाली, "भावावरचा राग माज्यावर काढू नगासा, बाई. त्येच्याकडं जाऊन काढा." ते मनाला लागलं.

आता शून्याचं ऐक. फुकट लाईटचा अर्ज मीच भरला होता. मालुबाई मला ओढून घेऊन गेली. केंद्रावरच्या सौम्या नावाच्या पोरीनं आधार कार्ड बघितलं, अंगठा घेतला, पाच मिनिटांत झालं. ऑगस्टमध्ये मष्णूनं चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "बाई, हितनं फुडं तुमचं बिल शून्य." त्याला वाटलं मला आनंद होईल. तो गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. वाटलं, संपलं. आता पारीस कशाला येईल?

तरी पंधरा तारखेला भाकऱ्या केल्या. तू आलास, चप्पल काढलीस, पाणी प्यालास आणि माझ्याकडं न बघता दोनशे एकाहत्तर म्हणालास. मी आत गेले ते पैसे आणायला नव्हे. पदर तोंडात धरून आधी हसले, मग रडले. तुला माझं बिल शून्य आहे हे माहीत आहे की नाही, हे तेव्हा नक्की कळलं नव्हतं. डिसेंबरात पंखा बंद असताना तू दोनशे नव्वद म्हणालास तेव्हा कळलं. लहानपणीही तुला खोटं बोलताना आकडा धड सांगता यायचा नाही.

म्हणजे सात महिने तू न कापलेले पैसे मागत होतास आणि मी नसलेलं बिल भरत होते. त्या महिन्यांच्या शून्याच्या सातही चिठ्ठ्या तारेत आहेत. मी वाचत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. दोघांची फिटंफाट झाली.

आणि मेमध्ये तुला जे कडक लिहिलं, दुसरं पाकीट वगैरे, तेव्हाही मला सगळं माहीत होतं. तू यायचा थांबलास म्हणून जीव कासावीस झाला होता. "ये" असं लिहायला लाज वाटली, म्हणून बिलाचं भांडण काढलं.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस विचार केला. त्या दिवशी पाकीट टेबलावर ठेवलं, ते मी बरोबर केलं. आजही तेच करीन. पण त्यानंतर अकरा-बारा वर्षं आले नाही, ते चुकलं. वहिनी आजारी असताना आले नाही, तिच्या शेवटच्या दिवशी बाहेरच्या अंगणातून परतले. ते मला राहून राहून आठवतं. दिव्या पाळण्यातली होती तेव्हा पाहिली, ती आता बँकेची कामं करते. तेवढी वर्षं कोणतीच बँक मला परत देणार नाही.

पैशाचं असं कर. एक हजार आठशे ब्याण्णव रुपयांची मला साडी घे. खडेबाजारात दिव्याला पाठव, तू घरी बसून मोबाईलवर बघ, पण निवड तुझी पाहिजे. विनयला विचारायचं नाही. तुझी पसंत मला माहीत आहे, शाळेत असताना माझ्यासाठी आणलेली रिबन कसली होती तेही आठवतं. तरी नेसेन. दुकानदार कॅशबॅक देत असेल तर तो दिव्याचा.

पंचमी नऊ ऑगस्टला आहे. मी आठ तारखेला सकाळच्या बसनं येते. मालुबाई स्टँडपर्यंत सोडायला येणार आहे. आधार कार्ड पिशवीत घातलं आहे, तंबिटाचं पीठ दळून ठेवलं आहे. गॅलरीत झोका बांधून ठेवा. तू बसू शकणार नाहीस, तू नुसता दोर धर. आणि तुझं चालणं सुधारेपर्यंत दर पंधरा तारखेला मीच येत जाईन. तिकीट शून्याचं आहे, बिलही शून्याचं आहे. आता कोणाला काय सबब सांगायची ते तू ठरव.

एक मात्र लक्षात ठेव. रिक्षातून उतरले की मी तशीच आत येणार नाही. दिव्याला तांब्या घेऊन दारात उभी कर, तिला माहीत नसेल तर शिकव. भाकरतुकडा ओवाळून टाका, पायावर पाणी घाला. आणि तू वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत ये, कितीही पावलं लागू देत. मी थांबेन.

तुझी,
आक्का